कुंडीचे ओझे चाकावर

आपल्या वस्तीत दारापुढे दोन कुंड्या नाहीत असे घर सापडणे कठीण. जागा हातभर असली तरी मोगरा, गुलाब, कोरफड, कढीपत्ता यांना ती पुरते. कुंडी विकत घेणे परवडले नाही तर रंगाची रिकामी बादली चालते, तेलाचा पत्र्याचा डबा चालतो, फुटकी घागरसुद्धा चालते. विहारात तर पायरीपासून आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत कुंड्यांची रांग असते. पौर्णिमेला वंदनेसाठी निघालेली उपासिका आपल्याच दारातली चार फुले ओंजळीत घेऊन जाते, त्याचे समाधान बाजारच्या हारात नाही.

पण या कुंड्या एका जागी राहत नाहीत. उन्हाळ्यात सावलीला घ्याव्या लागतात, हिवाळ्यात उन्हाला. पावसाळ्यापूर्वी कठड्यावरून खाली उतरवाव्या लागतात. इमारतीला रंग काढायचा असतो, गच्चीला डांबर मारायचे असते, तेव्हा निरोप येतो, "कुंड्या हलवा." विहाराचे तर विचारूच नका. १४ एप्रिल आला, बुद्धपौर्णिमा आली, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की मंडप घालायला अंगण मोकळे करायचे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ऐकायला माणसे दाटीवाटीने बसतात. त्यांच्यासाठी पडवीतल्या कुंड्या बाजूला आणि आश्विन पौर्णिमेनंतर पुन्हा जागेवर.

हे सारे उचलते कोण? घरात बहुधा घरची बाई. विहारात महिला मंडळाच्या भगिनी आणि हाताशी सापडलेली दोन पोरे. "धर गं त्या बाजूने" म्हणत पदर खोचायचा आणि वाकून उचलायचे. संध्याकाळी कंबर धरली की मलम चोळायचे आणि उद्याच्या कामाला लागायचे. ज्या घराची चूल हातावरच्या पोटावर पेटते, त्या घरात कंबर मोडली म्हणजे रोजी बुडाली. ज्या बाईची बाळंतपणे झाली आहेत, तिला जड ओझ्याने अंग खाली येण्याचा त्रास होऊ शकतो. पुरुषांना अंतर्गळाचा त्रास होऊ शकतो. ही दुखणी लाजेपोटी लपवली जातात. एका कुंडीपायी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. थोडी अक्कल आणि थोडे पैसे खर्च केले तर हे ओझे अंगावरून उतरते. ते कसे उतरवायचे, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

सोय म्हणजे आळस नव्हे

आपल्यातली जुनी माणसे म्हणतात, "आम्ही मणामणाची पोती डोक्यावर वाहिली, आम्हाला काय झाले?" त्यांच्या कष्टाला आमचे वंदन आहे. पण ते ओझे त्यांनी हौसेने घेतले नव्हते. ओझी वाहणे, मैला वाहणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे जातीने त्यांच्या डोक्यावर ठेवली होती. ज्याच्या अंगाची किंमत नाही, त्याच्यासाठी गाडा कोण करणार?

बाबासाहेबांचे यावरचे मत स्पष्ट होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले यावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राला नावे ठेवणाऱ्यांचा समाचार घेतला. यंत्र माणसाला पशूसारख्या राबण्यातून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसत मिळाली तरच माणूस वाचेल, विचार करील, सुसंस्कृत जगेल, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्रामुळे काही वाईट झाले असेल तर त्याचा दोष यंत्राकडे जात नाही, चुकीच्या समाजरचनेकडे जातो, असेही त्यांनी सांगितले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या माणसाचे हे मत आहे. तेव्हा कुंडीखाली चार चाके लावली म्हणून कोणी हसले तर त्याला हे ऐकवावे.

कायद्यानेही ही गोष्ट मान्य केलेली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातील ३४ व्या कलमात, इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे म्हटले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोच्या वर असू नये आणि स्त्रियांचे व कोवळ्या वयाच्या मुलांचे त्याहून बरेच कमी असावे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली मांडलेल्या हिशेबात तर सगळी परिस्थिती सोयीची असतानाही २३ किलोच्या पुढचे ओझे एकट्याने उचलणे धोक्याचे धरले आहे. कारखान्यात जे जड, ते घरात हलके कसे होईल?

आपली कुंडी किती जड?

बहुतेकांना आपल्या कुंडीचे वजन माहीत नसते. अंदाज करणे सोपे आहे. घरी भरलेला गॅस सिलिंडर येतो, त्यात १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त असते. म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. रंगाच्या २० लिटरच्या बादलीत काठोकाठ माती भरून पाणी घातले की तिचे वजनही ३० किलोच्या घरात जाते. १२ इंची कुंडी मातीची असली तर जवळपास तेवढीच भरते, सिमेंटची असली तर त्याहून जड. १८ इंची सिमेंटची कुंडी ओल्या मातीसह १०० किलोच्या पुढे जाऊ शकते. आणि २०० लिटरचा निळा पिंप मधोमध कापून त्यात लिंबू किंवा पेरू लावला असेल, तर भरलेला अर्धा पिंप १५० किलोच्या खाली नाही.

सिलिंडर आपण उचलत नाही, तिरका करून फिरवतो किंवा ट्रॉलीवर ठेवतो. मग तेवढ्याच वजनाची कुंडी मात्र का उचलायची?

आधी ओझे कमी करा

हलवण्याची युक्ती पुढची, पहिले काम वजन उतरवण्याचे.

पहिली गोष्ट पाण्याची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. कुंडी हलवायची असेल तर आदल्या एक-दोन दिवसांत पाणी घालू नये. मोठ्या कुंडीत एवढ्यानेच काही किलोंचा फरक पडतो. भर उन्हाळ्यात रोप कोमेजत असेल तर हलवून झाल्यावर लगेच पाणी द्यावे.

दुसरी गोष्ट मातीची. निव्वळ काळी किंवा लाल माती भरली की ती ओली झाल्यावर दगडासारखी जड होते. तिच्याऐवजी एक भाग माती, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. भुशाची वाळलेली वीट नर्सरीत मिळते, ती पाण्यात टाकली की फुगते. या मिश्रणाने कुंडीचे वजन सुमारे तिसऱ्या हिश्श्याने उतरते आणि मुळांना हवाही मिळते. भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून पाणी रोज सवयीने न घालता बोट खुपसून पाहून घालावे.

तिसरी गोष्ट तळाची. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी भरण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्याने वजन वाढते, पाणी मात्र जास्त चांगले निचरत नाही. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की माती अडते, पाणी जाते. कुंडी खोल आणि झाड उथळ मुळांचे असेल, जसे शेवंती, झेंडू, ऑफिस टाइम, पालेभाजी, तर तळाशी झाकण लावलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा पालथी घातलेली छोटी कुंडी ठेवावी आणि वर माती भरावी. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद यांना मात्र खोल माती हवी, तिथे ही युक्ती करू नये.

चौथी गोष्ट कुंडीची. नवी घ्यायची असेल तर मोठ्या झाडासाठी सिमेंटऐवजी जाड प्लॅस्टिकची घ्यावी. वजनातला फरक हातात धरताच कळतो. पण कठड्यावर किंवा वाऱ्याच्या तोंडी हलकी कुंडी ठेवणे धोक्याचे. तिची जागा जमिनीवर.

ओढायची कशी?

कधीतरी, वर्षातून एकदा-दोनदाच हलवायचे असेल तर चाकांची गरज नाही. फरशी गुळगुळीत असेल तर कुंडी एका बाजूला किंचित तिरकी करून तिच्याखाली जुने गोणपाट किंवा जाड सतरंजीचा तुकडा सरकवावा. मग गोणपाटाची दोन टोके धरून हळूहळू ओढावे. तीस-चाळीस किलोची कुंडी एकटी बाईसुद्धा अशी सरकवू शकते. फरशीवर चरेही पडत नाहीत.

फार जड कुंडीला नळ्यांची युक्ती. दीड-दोन फूट लांबीचे लोखंडी पाइपाचे तीन-चार तुकडे घ्यावेत, सगळे एकाच जाडीचे. एक मजबूत फळी घेऊन तिच्यावर कुंडी चढवावी. चढवताना पहारीने एक बाजू उचलायची, खाली विटेचा टेकू द्यायचा, मग फळी आत सरकवायची. फळीखाली पाइप आडवे टाकले की ढकलताच ती पुढे जाते. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढे टाकायचा. बांधकामावर अवजड दगड आणि यंत्रे सरकवणारे मजूर अशीच युक्ती करतात. आपल्यातले कित्येक जण त्या कामावर आहेत, त्यांना यात शिकवण्यासारखे काही नाही. फक्त घरी येताना ती अक्कल कामाच्या जागी ठेवून येऊ नये, एवढेच.

उचलण्याखेरीज इलाज नसेल तर दोघांनी उचलावी. कुंडीच्या जवळ जावे, गुडघ्यांत वाकावे, पाठ ताठ ठेवावी, कुंडी पोटाजवळ घ्यावी आणि पायांच्या जोरावर उठावे. ओझे हातभर दूर धरले की कंबरेवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. उचललेले असताना कंबरेत वळू नये, पाय टाकून वळावे. मातीच्या जुन्या कुंडीचा काठ धरून उचलू नये, काठ हातात येतो आणि कुंडी पायावर. गरोदर बाई, नुकतीच बाळंतीण, ऑपरेशन झालेला किंवा हृदयविकाराचा माणूस यांनी या कामाला हातच लावू नये. जिना चढायचा असेल तर आधी निम्मी माती पिशवीत काढून घ्यावी आणि दोन खेपा कराव्यात.

चार चाकांचा पाट

वरचेवर हलवाव्या लागणाऱ्या कुंडीला चाकाचा पाट करून घ्यावा. सर्वांत सोपा उपाय तर घरातच असतो. गॅस सिलिंडरची ट्रॉली. ती सिलिंडरच्याच वजनाची केलेली असते, म्हणून रंगाची बादली किंवा १२ इंची प्लॅस्टिकची कुंडी तिच्यावर नीट बसते. भांड्यांच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. त्याहून जड कुंडी मात्र तिच्यावर ठेवू नये, पाय फाकतात.

जड कुंडीसाठी पाट घरी करावा. कुंडीच्या तळापेक्षा दोन इंचांनी मोठी, पाऊण इंच जाडीची लाकडी फळी घ्यावी. जुन्या पलंगाची, दरवाजाची, अगदी जेवायला बसायचा जुना पाटही चालेल. साधे प्लायवूड पाण्याने फुगते, ते टाळावे. फळीच्या मध्यभागी इंचभर भोक पाडावे म्हणजे कुंडीतले पाणी साचणार नाही. मग दोन्ही बाजूंना आणि कडांनाही ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत.

चाके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चारही बाजूंना फिरणारी कॅस्टर चाके मागावीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हा माल मिळतो, बाकी शहरांत भंगार बाजारात जुन्या खुर्च्यांची आणि हातगाड्यांची चाके मिळतात. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, चाक निदान दोन इंचांचे असावे. छोटे चाक फरशीच्या फटीत आणि उंबऱ्याला अडकते. दोन, चारांपैकी दोन चाकांना ब्रेक असावा. तीन, चाक किती वजन पेलते ते दुकानदाराला विचारावे. येथे हिशेब चाराने न करता तीनाने करावा, कारण जमीन उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहते. कुंडी ९० किलोची असेल तर प्रत्येक चाकावर ३० किलो येणार असे धरावे आणि त्याहून जास्त पेलणारे, ५० किलोचे चाक घ्यावे.

चाके कोपऱ्यांजवळ बसवावीत. मध्याकडे बसवली तर कुंडी कलंडते. खिळे ठोकू नयेत, हलून सैल होतात. स्क्रू किंवा वायसर घालून नटबोल्ट वापरावेत. सरकवताना कुंडीच्या अंगाला हात लावून ढकलावे, झाडाला धरून ओढू नये. ओढण्यापेक्षा ढकलणे बरे, अंगाचे वजन कामी येते आणि चाक पायावर येत नाही. जागेवर नेल्यावर ब्रेक लावावा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे ब्रेकबरोबर चाकाला विटेचा तुकडाही लावावा.

लहान मुलांना जुन्या बेअरिंगची गाडी करण्याचा नाद असतो. त्यांनाच या कामाला लावावे. हातोडी आणि पाना मुलाच्या हाती द्यावा, तसाच मुलीच्याही हाती द्यावा.

विहारासाठी एक हातगाडी

घरोघर चाके परवडणार नाहीत, त्याची गरजही नाही. विहार समितीने एक दुचाकी हातगाडी घ्यावी, गोदामात पोती आणि खोकी नेण्यासाठी वापरतात तशी उभी. तिची लोखंडी जीभ कुंडीखाली सरकवायची, कुंडी दोरीने किंवा जुन्या साडीने गाडीला बांधायची, गाडी मागे कलती करायची की निम्मे काम झाले. भोजनदानाच्या दिवशी तांदळाचे पोते, जयंतीला स्पीकरची पेटी, खुर्च्यांची चळत हे सारे त्याच गाडीवर जाते. वस्तीतल्या कुणाला कपाट किंवा कुंडी हलवायची असेल तर वहीत नाव लिहून न्यावी आणि परत आणून ठेवावी. वर्षावासात दान देण्याची इच्छा पुष्कळांना असते. पंखे आणि घड्याळे विहारात आधीच खूप झाली आहेत. ही गाडी दान दिली तर कितीतरी कंबरांचे कल्याण होईल.

जागा पाहून ठेवा

चाके लागली की कुंडी कुठेही नेता येते, म्हणून कुठेही ठेवू नये. भारतीय मानक ८७५ (१९८७) प्रमाणे ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिचा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरतात, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४ किलो. घराच्या बाल्कनीचा त्याच्या दुप्पट. जुन्या, ओल आलेल्या बांधकामावर तेवढाही भरवसा ठेवू नये. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध एकत्र न ठेवता भिंतीच्या आणि तुळईच्या वरच्या बाजूला लांब-लांब ठेवाव्यात. पिंपाएवढ्या कुंड्या ठेवायच्या तर इंजिनिअरला विचारावे.

चाळीची गॅलरी ही सर्वांची वाट आहे. तिथे कुंडीचा पाट आडवा आला तर रात्री आजारी माणसाला न्यायचे कसे, आग लागली तर पळायचे कसे? कठड्यावर तर कुंडी नकोच. वादळी पावसात ती खाली जाणाऱ्याच्या डोक्यावर येते.

आणि पाण्याची ताटली. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. जड कुंडी हलत नाही म्हणून तिच्याखालची ताटली महिनोन् महिने तशीच राहते. चाकावरची कुंडी आठवड्यातून एकदा सरकवावी, ताटली ओतून, घासून, वाळवून ठेवावी. घरात तापाचा माणूस निजवण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम सोपे.

बोधिवृक्षही रथावर गेला

कुंडीतले झाड दूर नेण्याची आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट 'महावंस' या ग्रंथात आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकांची कन्या थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली. अशोकांनी त्यासाठी सोन्याचे मोठे पात्र घडवून घेतले आणि फांदी त्यात लावली, असे ग्रंथ सांगतो. ते पात्र जहाजातून ताम्रलिप्तीहून निघाले. लंकेच्या किनाऱ्यावर राजा देवानंपिय तिस्स गळ्याइतक्या पाण्यात शिरला आणि सोळा जणांसह त्याने ते मस्तकावर घेऊन उतरवले. पुढे अनुराधपूरपर्यंतची वाट मात्र ते झाड रथावरून गेले. तेथील बोधिवृक्ष आजही उभा आहे.

राजाने मस्तकावर घेतले तो श्रद्धेचा क्षण होता. लांबच्या वाटेला त्यानेही चाके जोडली. श्रद्धा असली म्हणजे पाठ मोडून घेतलीच पाहिजे असे धम्म कुठेच सांगत नाही. उलट शरीराला विनाकारण क्लेश देण्याचा मार्ग तथागतांनी सोडून दिला.

तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींनो, पुढच्या पौर्णिमेपूर्वी एक काम करा. विहारातल्या कुंड्या मोजा. त्यातल्या कोणत्या एकटीने उचलण्याजोग्या नाहीत, त्यांना खडूने खूण करा. समितीपुढे चाकांचा आणि हातगाडीचा विषय मांडा. खर्चाचा आकडा दुकानात विचारून जा, म्हणजे "बघू नंतर" असे उत्तर मिळणार नाही. आणि पुरुष मंडळींनी, चाके लागेपर्यंत कुंडीची दुसरी बाजू धरायला पुढे व्हावे. बाबासाहेबांनी आपल्या डोक्यावरचे फार मोठे ओझे उतरवले. हे लहानसे ओझे तरी आपण एकमेकांच्या कंबरेवरून उतरवू या.

जयभीम.